आयोवातील अडीच हजार वस्तीचे शेतकी गाव: तिथल्या माणसांचा स्वभाव कसा असतो?

शरयू_ठाणे:
नमस्कार. माझी मुलगी डेट्रॉइटला मेडिसिनची रेसिडेन्सी पूर्ण करीत आहे. ती जे-१ व्हिसावर असल्यामुळे पुढे अमेरिकेत राहायचे असेल, तर डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात तीन वर्षे नोकरी करणे हा तिच्यापुढचा सरळ मार्ग आहे, आणि वायव्य आयोवातील एका गावातून तिला बोलावणे आले आहे. वस्ती अडीच हजारांच्या आतबाहेर, चहूकडे मका आणि सोयाबीन. पगार, घरभाडे, रुग्णालयातल्या सोयी ही माहिती तिची तिने काढली आहे. मला निराळीच उत्सुकता आहे, आणि थोडी काळजीही. आम्ही अमेरिका पाहिली ती न्यू जर्सीतली, जिथे दुकानात शिरले तरी मराठी बोलणारे कोणी ना कोणी भेटते. अशा शेतकी गावाचा स्वभाव कसा असतो? तिथली माणसे परक्याला आपले म्हणतात, की हसून विचारपूस करतात आणि तिथेच थांबतात? आणि तो स्वभाव तसा का घडला असावा? ज्यांनी अशा गावांत काही काळ काढला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. कितीही लांबले तरी मी सगळे वाचीन.

कोरडवाहू:
शरयूताई, मी मूळचा अकोल्याचा. तिथल्या कृषी विद्यापीठातून पुढे शिकायला आयोवातील एम्स शहरी आलो आणि बियाण्यांच्या कामात बरीच वर्षे मध्य आयोवात आहे. स्वभाव समजून घ्यायचा असेल तर आधी जमिनीचा नकाशा पाहावा, असे मी सांगेन. १७८५ च्या भूमी अध्यादेशाने या सगळ्या मुलखाची मोजणी चौरसांत झाली: सहा मैल लांब-रुंद टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. प्रत्येक टाउनशिपमधला सोळावा सेक्शन शाळेसाठी राखून ठेवलेला. रस्ते याच रेषांवर आखले गेले, म्हणून आजही पत्ता सांगताना कोणी डावे-उजवे म्हणत नाही. 'दोन मैल उत्तरेला, मग अर्धा मैल पूर्वेला' असे सांगतात.

आपल्याकडे गावठाणात घरे दाटीने असतात आणि शेते गावाभोवती. इथे शेतकरी स्वतःच्या शेतातच राहतो, आणि शेजारचे घर अर्ध्या-पाऊण मैलावर असते. गावात राहतात ते दुकानदार, शिक्षक, बँकेतले कर्मचारी, परिचारिका आणि मुलांच्या हाती शेती सोपवलेले म्हातारे शेतकरी. त्यामुळे माणसे सहज भेटत नाहीत, भेटायला निमित्त लागते: धान्य घालायचे, चर्चला जायचे, शाळेचा सामना बघायचा, कोणाच्या तरी अवजारांचा लिलाव असायचा. माणूस एकटा राहायला सरावलेला, आणि तरीही अडीअडचणीला शेजाऱ्यावाचून गत्यंतर नसलेला, असा हा स्वभाव आहे. अबोलपणा आणि मदतीची तत्परता या दोन्ही गोष्टी मला एकाच मुळातून आलेल्या दिसतात.

दुसरी गोष्ट धान्याच्या एलिव्हेटरची. हा उंच काँक्रीटचा कोठार-समूह मैलोन्‌मैल आधी दिसू लागतो. घोडागाडीने धान्य घालून शेतकऱ्याला दिवसभरात घरी परतता यावे, अशा बेताने रेल्वेने स्थानके टाकली आणि त्या स्थानकांची गावे झाली. पुढे रेल्वे आणि कोठारमालक मनमानी दर लावू लागले, तेव्हा १८६७ साली स्थापन झालेल्या ग्रेंज संघटनेच्या झेंड्याखाली शेतकरी एकवटले. कोठारांचे दर ठरवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १८७७ च्या 'मन विरुद्ध इलिनॉय' खटल्यात मान्य केला, आणि नंतरच्या काळात शेतकऱ्यांनी गावोगाव स्वतःचे सहकारी एलिव्हेटर उभे केले. आज लहान संस्था एकमेकींत विलीन होऊन फार मोठ्या झाल्या आहेत, तरी ऑक्टोबरमध्ये तिथे जाऊन पाहावे. ट्रक वजनकाट्यावर उभा राहतो, वरून एक पोकळ नळी खाली येऊन मक्यात घुसते आणि नमुना ओढून घेते. खिडकीपलीकडच्या यंत्रावर ओलाव्याचा आकडा उमटतो. मक्याला १५ टक्के ही पायरी. त्याहून जास्त ओलावा असेल तर वाळवणीचे पैसे कापले जातात. ५६ पौंडांचा एक बुशेल या हिशेबाने पावती छापून येते, आणि तिच्याकडे एक नजर टाकून माणूस काहीही न बोलता ट्रक पुढे काढतो. वर्षभराच्या कष्टाचा निकाल त्या पावतीवर असतो, पण चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

सातबारा:
कोरडवाहू यांनी नकाशा नेमका मांडला, परंतु त्या चौरसांवर आधी कोण राहत होते हेही याच धाग्यात यायला हवे. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर सॉक आणि मेस्क्वाकी लोकांकडून एकामागून एक करार करून जमीन घेतली गेली, आणि १८५१ च्या करारांनी डकोटा लोकांनाही दक्षिण मिनेसोटा व वायव्य आयोवा सोडावा लागला. शरयूताईंची मुलगी जिथे जाणार तो भाग त्यातच येतो. मेस्क्वाकी मात्र परत आले, आणि त्यांनी १८५७ साली टामा काउंटीत स्वतःच्या पैशांनी ८० एकर जमीन विकत घेतली. त्यांची वसाहत आजही तिथे आहे आणि ती त्यांच्या मालकीची आहे.

आणखी एक. मिडवेस्ट, म्हणजे अमेरिकेचा हा मध्यभाग, म्हटले की प्रत्येक जण होमस्टेड कायद्याचे नाव घेतो. १८६२ च्या त्या कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळत. आयोवाची बहुतेक जमीन मात्र त्याआधीच रोखीने किंवा सैनिकांना दिलेल्या हक्कपत्रांवर खाजगी मालकीची झाली होती. होमस्टेडचा खरा जोर पश्चिमेकडे, नेब्रास्का, कॅन्सस आणि डकोटात होता. मी नेब्रास्कातील लिंकनला शिकत असताना जवळच्या बीट्रिस गावाला गेलो होतो. डॅनियल फ्रीमनने १ जानेवारी १८६३ रोजी केलेल्या, देशातल्या पहिल्या मानल्या जाणाऱ्या दाव्याची जमीन तिथे जतन केली आहे, आणि तिच्यावर उंच गवताचे माळरान पुन्हा वाढवले आहे. ते पाहिल्यावर काय नाहीसे झाले याची कल्पना येते. आयोवात तसे मूळ माळरान एक टक्काही उरलेले नाही.

मंजिरी_वि:
शरयूताई, मी याच मार्गाने आले. या योजनेला सेनेटर केंट कॉनराड यांच्या नावावरून 'कॉनराड-३०' म्हणतात, कारण तिच्यात प्रत्येक राज्याला वर्षाला तीस डॉक्टरांसाठी शिफारस करता येते. माझी तीन वर्षे संपून बराच काळ लोटला आणि मी अजून इथेच आहे, यावरून माझे मत तुमच्या लक्षात येईल.

अशा गावातले रुग्णालय बहुधा 'क्रिटिकल ॲक्सेस' प्रकारचे असते, म्हणजे जास्तीत जास्त २५ खाटांचे. तिथे काम करताना रुग्ण आणि शेजारी असे दोन वेगळे गट राहत नाहीत. ज्याचा रक्तदाब सकाळी तपासला तोच संध्याकाळी किराणा दुकानात मागे उभा असतो, आणि गोळी घेतली का असे मी विचारण्याआधीच सांगून मोकळा होतो. ऑगस्टमध्ये दवाखान्याच्या टेबलावर गोड मक्याच्या पिशव्या येऊन पडतात, कोणी ठेवल्या ते पुष्कळदा कळतही नाही.

स्वभावाचा नमुनाच हवा असेल तर हा घ्या. काढणीच्या दिवसांत एक गृहस्थ हाताला वर्कशॉपचे फडके गुंडाळून, वर चिकटपट्टी लावून आले. जखम पाहिली तर हाड दिसत होते. केव्हा लागले म्हणून विचारले, तर म्हणाले, सकाळी. पण शेताचा एवढा तुकडा राहिला होता आणि रात्री पाऊस सांगितला आहे. टाके घालत असतानाही त्यांचे लक्ष खिडकीतून दिसणाऱ्या ढगांकडे होते. तुमच्या मुलीला तिथे हे शिकावे लागेल: 'थोडे दुखते आहे' असे शेतकरी म्हणाला, की तपासणी ताबडतोब करायची.

रुग्णवाहिकेवर येणारी माणसेसुद्धा बहुतेक स्वयंसेवक असतात. माझ्या काउंटीत पेजर वाजला की बँकेतली एक बाई काउंटर बंद करून धावते आणि शाळेच्या बसचा चालक गाडी काढतो. आयोवात २०२१ पर्यंत आपत्कालीन वैद्यकीय सेवा ही कायद्याने अत्यावश्यक सेवा म्हणून धरलीच जात नव्हती. आता मतदारांनी मान्यता दिली तर काउंटीला त्यासाठी कर लावता येतो. परंतु माणसे आहेत ती तीच.

झेंडू_३:
म्हणजे पाऊस पडला की ओपीडी भरणार, असे दिसते.

मंजिरी_वि:
झेंडू, अगदी तसेच होते. काढणीत पाऊस लागला की सकाळी आठपासून फोन सुरू होतात.

पानगळ:
मी निराळे लिहिणार आहे, आणि ते कोणाला दुखावण्यासाठी नाही. माझ्या यजमानांच्या ट्रॅक्टर कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही अशाच एका गावात काही वर्षे राहिलो आणि शेवटी मिनिॲपोलिसला आलो. माणसे चांगली होती, यात शंका नाही. हिमवर्षावानंतर आम्ही उठायच्या आत शेजाऱ्याने आमच्या दारातला बर्फ काढलेला असे, आणि त्याविषयी तो कधी एक शब्द बोलला नाही. पण तेवढ्या वर्षांत त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही कधी बसलो नाही आणि तेही आमच्याकडे कधी टेकले नाहीत. 'या एकदा' असे सगळे म्हणत. तो 'एकदा' उजाडला नाही. त्यांच्या मैत्र्या बालवाडीपासूनच्या, नातीगोती चार पिढ्यांची. स्मशानातल्या दगडांवर जी आडनावे, तीच शाळेच्या मंडळावर आणि तीच बँकेच्या पाटीवर. एकट्या तरुण मुलीने तिथे जायचे म्हणजे संध्याकाळ कशी काढायची हा प्रश्न मोठा आहे, आणि तो मक्याच्या पिशवीने सुटत नाही.

शरयू_ठाणे:
पानगळ, तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मला नेमकी हीच बाजू ऐकायची होती.

कोरडवाहू:
पानगळ यांचा अनुभव खरा आहे आणि तो पुष्कळांना येतो. मी एवढेच जोडेन की या गावांत जवळीक बैठकीच्या खोलीतून सुरू होत नाही, ती कामातून होते. तिथे बोलावण्याची वाट पाहत बसले तर वर्षे जातात. कामाच्या यादीत नाव घातले तर महिन्याभरात ओळखी होतात. कोणी वारले की चर्चच्या तळघरात अंत्यविधीनंतरचे जेवण असते, आणि त्यासाठी कोणी केक करायचा, कोणी कॉफी पाहायची याची यादी फिरते. ग्रंथालयाची पुस्तकविक्री, अग्निशमन दलाच्या मदतनिधीसाठी पॅनकेकची न्याहारी, ही सगळी कामे बिनपगारी माणसांवर चालतात आणि माणसे नेहमीच कमी पडतात. ऐन काढणीत एखादा शेतकरी आजारी पडला किंवा गेला, तर शेजारी आपापली कंबाइन (कापणी-मळणी यंत्रे) घेऊन त्याच्या शेतात उतरतात आणि शेकडो एकर एका दिवसात मोकळे करून देतात. हे मी पाहिले आहे आणि त्यात धान्याचा ट्रकही चालवला आहे. त्या दिवसानंतर मला कोणी 'तो बियाण्यांचा परदेशी माणूस' म्हटले नाही.

नदीकाठ:
या सहकाराच्या चित्राला दुसरी बाजू आहे, ती मांडतो. मी शेतीकर्जांच्या क्षेत्रात काम करतो. मदतीला धावणारा तो शेजारीच जमिनीच्या व्यवहारात सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी असतो. शेत विकायला निघते ते पिढीतून एकदा, आणि ते घेऊ शकणारे बहुधा त्याला लागूनच कसणारे दोघे-तिघे. लिलाव गावच्या सभागृहात होतो. कोणी कोणावर बोली चढवली हे सगळ्यांच्या लक्षात राहते, आणि त्यावरून दोन घरांमधले बोलणे वर्षानुवर्षे बंद झालेले मी पाहिले आहे.

अबोलपणाचे कारण शोधायचे तर १९८० च्या दशकाकडे जावे लागते. सत्तरच्या दशकात निर्यात वाढली, जमिनीचे भाव चढले, आणि बँकांनी त्या भावांवर कर्जे दिली. मग व्याजदर भडकले. जानेवारी १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सोव्हिएत संघाला धान्य विकण्यावर निर्बंध घातले. आयोवात जमिनीचा सरासरी भाव १९८१ साली एकरी २,१४७ डॉलर होता, तो १९८६ साली ७८७ वर आला. ज्यांनी शेत वाढवायला कर्ज काढले होते, त्यांचे तारण कर्जाहून हलके झाले. जप्तीचे लिलाव कोर्टहाउसच्या पायऱ्यांवर होत, आणि गेलेल्या प्रत्येक शेताच्या नावाने लोक तिथल्या हिरवळीवर पांढरे क्रूस रोवत. शेतकऱ्यांसाठी 'फार्म एड'ची पहिली मैफल १९८५ च्या सप्टेंबरात इलिनॉयमधील शँपेनला झाली ती यामुळेच. राज्याची लोकसंख्या १९८० मध्ये २९ लाख १४ हजार होती, ती १९९० मध्ये २७ लाख ७७ हजार झाली. शेती गेली की पाठोपाठ अवजारांचे दुकान गेले, मग कापडाचे, मग औषधांचे. जे टिकले त्यांना आपण का टिकलो आणि शेजारी का बुडाला हे ठाऊक आहे, आणि त्यावर बोलणे कोणालाच सोयीचे नाही.

२०२३ मध्ये हाच सरासरी भाव एकरी ११,८३५ डॉलर होता. आयोवातील शेतजमिनीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पासष्टी ओलांडलेल्या मालकांच्या नावावर आहे, आणि त्यातला बराचसा खंडाने दिलेला आहे. वडिलांनी न दिलेली जमीन तरुणाने विकत घेऊन शेती सुरू करावी, हे जवळपास अशक्य झाले आहे. या गावांचे भवितव्य चर्चच्या तळघरात ठरणार नाही, ते मृत्युपत्रांत ठरेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

शरयूताई, मुलीला एक गोष्ट आवर्जून सांगा: शेतकऱ्याला 'तुमची जमीन किती एकर' असे कधीही विचारू नये. ते बँकेतली शिल्लक विचारण्यासारखे समजले जाते.

झेंडू_३:
आमच्या गावी तर हाच पहिला प्रश्न असतो, आणि तो सोयरीक जमवताना हमखास येतो!

रानवारा:
नदीकाठ यांचे आकडे मान्य, तरी माझ्या मते गावाचा जीव शाळेत असतो. मी नेब्रास्का आणि आयोवा या दोन्ही राज्यांत गणित शिकवले आहे. आयोवात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांचे जिल्हे हजारोंनी होते. आज ते सुमारे सव्वातीनशे उरले आहेत. मुले कमी झाली की दोन गावांच्या शाळा एक होतात, मग आणखी एखादी त्यात येते, आणि कोणत्याच गावाचा मान जाऊ नये म्हणून नावे एकापुढे एक जोडली जातात. वायव्य आयोवातील एका शाळेचे पूर्ण नाव 'ओडेबोल्ट-आर्थर-बॅटल क्रीक-आयडा ग्रोव्ह' असे आहे. ही नुसती शब्दांची लांबच लांब आगगाडी वाटेल, पण त्यात चार गावांची भांडणे, तडजोडी आणि सभा सामावल्या आहेत. कोणत्या गावात हायस्कूल राहणार आणि कोणत्या गावाला फक्त प्राथमिक वर्ग मिळणार यावरून सख्ख्या भावांत वितुष्ट येते, कारण ज्या गावातून हायस्कूल गेले तिथली शुक्रवारची संध्याकाळही जाते.

शुक्रवारी संध्याकाळी होणाऱ्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याला ज्यांना मूलबाळ नाही तेही येतात. याच शाळेतून निघालेला ओडेबोल्टचा कूपर डिजीन फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाकडून सुपर बोल, म्हणजे या खेळाचा देशातला अंतिम सामना, खेळला आणि स्वतःच्या वाढदिवशी प्रतिस्पर्ध्याचा पास अडवून त्याने थेट टचडाउन केले. जेमतेम हजारभर वस्तीच्या गावाला त्या रात्री काय वाटले असेल हे मला सांगता येते, कारण मी जिथे शिकवत होतो तिथे राज्यस्तरावर मुलींचा बास्केटबॉल संघ पोहोचला, तेव्हा दुकानांवर 'सगळे सामन्याला गेलो आहोत' अशा पाट्या लागल्या होत्या. आयोवात तर मुलींचा सहा-सहाचा बास्केटबॉल हा वेगळाच खेळ १९९३ पर्यंत चालू होता, आणि त्या काळच्या आज्ज्या अजूनही आपले गुण आकड्यांसह सांगतात.

शरयूताईंच्या मुलीला मी एकच सुचवीन: तिथल्या शाळेत बारावीपर्यंतचे वर्ग अजून आहेत का ते पाहावे. असतील तर गावात जोर आहे.

सातबारा:
रानवारांशी सहमत आहे, आणि म्हणूनच वायव्य आयोवातील स्टॉर्म लेकचे उदाहरण इथे यायला हवे. ते अकरा हजारांच्या आसपासचे गाव, म्हणजे इथल्या मानाने मोठे. तिथला जुना मांस-कारखाना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला, नव्या मालकाने तो पुन्हा सुरू केला, आणि कामाला माणसे आली ती आधी लाओसमधून, मग मेक्सिकोतून, नंतर आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांवरून. त्याआधी १९७५ मध्ये गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी आग्नेय आशियातील 'ताई दाम' जमातीच्या निर्वासितांना आयोवात आसरा दिला होता, त्या परंपरेचा हा पुढचा भाग. आज तिथल्या शाळेत वर्ग भरलेले आहेत, आजूबाजूची गावे ओस पडत असताना. तिथल्या छोट्या वृत्तपत्राचे संपादक आर्ट कलेन यांना २०१७ चे पत्रकारितेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले, ते काउंट्यांच्या पाण्याच्या खटल्यात शेती-उद्योगाचा पैसा कुठून येतो हे चिकाटीने विचारणाऱ्या अग्रलेखांबद्दल.

सगळीकडे असे गोड घडले नाही, हेही नोंदवतो. ईशान्य आयोवातील पोस्टव्हिल या जेमतेम सव्वादोन हजारांच्या गावात १२ मे २००८ रोजी मांस-कारखान्यावर छापा पडला आणि ३८९ कामगारांना अटक झाली. एका सकाळीत गावातल्या शाळेतली कितीतरी बाके रिकामी झाली, आणि धास्तावलेल्या कुटुंबांनी चर्चमध्ये आसरा घेतला. गावाने त्या कुटुंबांना महिनोन्‌महिने जेवू घातले. परक्याला ही माणसे आपले म्हणतात का, या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडते.

पानगळ:
सातबारा, पोस्टव्हिलच्या चर्चने केले ते थोरच आहे. पण संकटात धावून जाणे आणि मंगळवारी संध्याकाळी सोबत करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि माझा मुद्दा दुसरीबद्दल आहे.

नदीकाठ:
पाण्याचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात. या सपाट, दलदलीच्या जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरून पाणी काढून दिले, तेव्हा कुठे ती कसता आली. त्या नळ्यांतूनच खतातले नायट्रेट ओढ्यात आणि नदीत जाते. राज्याची राजधानी डी मॉइनच्या पाणीपुरवठा मंडळाने २०१५ मध्ये सॅक, कॅल्हून आणि ब्युना व्हिस्टा या तीन काउंट्यांच्या निचरा-जिल्ह्यांवर (शेतातले पाणी काढून देण्याची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थांवर) खटला भरला, तो २०१७ मध्ये निकालात निघाला, पण शहर आणि खेडे यांत पडलेली तेढ गेलेली नाही. गावात नवीन असताना या वादात मत देण्याची घाई करू नये. मुलीने घर भाड्याने घेताना मात्र विहिरीचे पाणी असेल तर त्याची तपासणी अवश्य करून घ्यावी, आणि वाऱ्याच्या दिशेला डुकरांची शेड किती दूर आहे तेही पाहावे. राज्यात माणसे बत्तीस लाख आणि डुकरे दोन कोटींच्या वर आहेत.

कोरडवाहू:
नदीकाठ यांच्याशी पाण्याबाबत मी पूर्ण सहमत आहे. फक्त एक आठवण करून देतो. ईशान्य आयोवातील क्रेस्को गावाजवळच्या शेतावर १९१४ साली नॉर्मन बोरलॉग जन्मले. त्यांच्या बुटक्या गव्हाने साठच्या दशकात आपल्या देशाची भूक भागवली आणि १९७० चे शांततेचे नोबेल त्यांना मिळाले. एका खोलीच्या शाळेत शिकलेला, आजोबांनी 'शिक, पुढे जा' म्हणून पाठवलेला तो मुलगा होता. या गावांनी आपल्या ताटात काय वाढले आहे, हे मराठी माणसाने विसरू नये असे मला मनापासून वाटते.

मोगरा_डोंबिवली:
शाकाहारी माणसाने तिथे खायचे काय, हे कोणी लिहिलेच नाही.

मंजिरी_वि:
मोगरा, गावात बाहेर खायचे म्हणजे पेट्रोलपंपावरचा चीज पिझ्झा, आणि तो चांगला असतो हे प्रामाणिकपणे सांगते. डाळी, पीठ, मसाले महिन्यातून एकदा मोठ्या शहरातून आणायचे. सामूहिक जेवणाला प्रत्येकाने काहीतरी न्यायचे असते. मी फोडणीचा मका नेते, आणि भांडे नेहमी धुऊन-पुसून, नावाची चिठ्ठी लावून परत मिळते.

शरयू_ठाणे:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीने हा धागा वाचला. ती जुलैत तीन दिवस गाव पाहायला जाणार आहे, आणि नेमकी तेव्हाच तिथे काउंटीची जत्रा आहे असे तिला कळले. तिने काय पाहावे, काय विचारावे? हिवाळ्यातले गाडी चालवणे हीही माझी काळजी आहे.

मंजिरी_वि:
रुग्णालयाला तीन गोष्टी विचाराव्यात: रात्रपाळीची जबाबदारी किती डॉक्टरांत वाटली आहे, प्रसूती विभाग चालू आहे का, आणि गंभीर रुग्ण हेलिकॉप्टरने कुठे पाठवतात. बऱ्याच छोट्या रुग्णालयांनी प्रसूती विभाग बंद केले आहेत, आणि मग रस्त्यात अडकलेली बाळंतीण तातडीच्या विभागात येते. मेडिसिनच्या डॉक्टरलाही त्याची तयारी ठेवावी लागते. हिवाळ्यात गाडीत घोंगडी, फावडे आणि टॉर्च असावाच. वारा सुटून उघड्या शेतातला बर्फ रस्त्यावर उडू लागला आणि पुढचे दिसेनासे झाले, तर निघूच नये. त्या दिवशी रुग्णालयाचे लोक ट्रक घेऊन न्यायला येतात.

पानगळ:
उन्हाळ्यातही एक धोका आहे. खडीच्या रस्त्यांच्या चौकांत पुष्कळदा कोणतीच पाटी नसते, आणि ऑगस्टमध्ये मका माणसाच्या वर गेल्यावर आडवी येणारी गाडी दिसत नाही. प्रत्येक चौकात वेग कमी करावा. आणि संध्याकाळचा जो प्रश्न मी काढला होता, त्यावर उपयोगी पडेल असे एक सांगते: डी मॉइनच्या उत्तरेला मॅड्रिड नावाच्या, मक्याने वेढलेल्या छोट्या गावाबाहेर हिंदू मंदिर आहे. आम्ही दोन-अडीच तास गाडी चालवून तिथे गणपतीला जात असू, आणि तिथे भेटलेल्या मैत्रिणी आजही आहेत. मुलीने जावे की नाही हे तिने ठरवावे, पण गेली तर पहिल्या महिन्यातच तिथे जाऊन यावे.

कोरडवाहू:
जत्रेत पाळणे आणि खाद्यपदार्थ असतातच, तरी तिने 'फोर-एच' या मुलांच्या संघटनेचा जनावरांचा लिलाव चुकवू नये. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या अर्थाच्या, 'एच'ने सुरू होणाऱ्या चार इंग्रजी शब्दांवरून हे नाव आले. याची एक सुरुवात दक्षिण आयोवातील पेज काउंटीत जेसी फील्ड या शिक्षिकेने काढलेल्या शेतकी मुलामुलींच्या गटांतून झाली. दहा-बारा वर्षांची मुले वर्षभर वासरू किंवा डुक्कर वाढवतात, खाण्याचा आणि वजनाचा हिशेब वहीत ठेवतात आणि मग ते रिंगणात घेऊन येतात. गावातली बँक, बियाण्यांचा विक्रेता, पशुवैद्य हे बाजारभावापेक्षा बरीच जास्त बोली लावतात, आणि तो पैसा मुलाच्या कॉलेजसाठी जमा होतो. विक्रीनंतर एखादे पोर जनावराच्या मानेत तोंड खुपसून रडते, आणि बाप थोडा दूर उभा राहून त्याला वेळ देतो. गावाचा स्वभाव कसा, याचे उत्तर तिला त्या मांडवात तासाभरात मिळेल. ऊन कडक असते, टोपी घालून जावे. मधल्या किंवा मागच्या बाकांवर बसावे, पुढे बोली लावणारे असतात. आणि ओळखीचे कोणी दिसले म्हणून हात वर करू नये, कारण लिलाव पुकारणारा ती बोलीच धरतो.